टेक्निक्स १२००: जुने एमके२ घ्यावे की नवे एमके७?

कोपरीकर: नमस्कार. आजोबांच्या संग्रहातील बऱ्याच एलपी आणि बालगंधर्वांच्या काही ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या माझ्याकडे आल्या आहेत. त्या वाजवायला टेक्निक्स १२०० मालिकेतील रेकॉर्ड प्लेयर घ्यायचा आहे. सुई आणि कार्ट्रिजसह (सुई ज्यात बसते तो भाग) साठ हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. घणसोलीतील एक गृहस्थ जपानहून आणलेले एमके२ चाळीस हजारांना देत आहेत. नवे एमके७ घ्यायचे तर ही मर्यादा ओलांडावी लागेल. काय करावे?

पाचपाखाडी_श्रोता: या दोन्हींच्या नादी न लागता याच मालिकेतील १२००जीआर सरळ घ्यावे. माझ्याकडे आहे आणि आता दुसरे काही ऐकवत नाही.

कोपरीकर: मर्यादा साठ हजारांची आहे, हे पुन्हा नमूद करतो.

नेरूळ_सेक्टर१९: जपानी यंत्र १०० व्होल्टवर चालते आणि आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. मला यंत्र विकणाऱ्याने ही गोष्ट सांगितली नाही. पहिल्याच संध्याकाळी आतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि विक्रेत्याने नंतर फोनही उचलला नाही. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय ते जोडू नका.

घोडबंदर_७८: मुख्य प्रश्नाकडे कोणीच पाहिलेले नाही. १९७९ मध्ये आलेल्या एमके२ वर केवळ ३३ आणि ४५ हे वेग आहेत. ही मालिका २०१० मध्ये बंद पडली, २०१६ मध्ये परतली आणि २०१९ च्या एमके७ वर ३३ व ४५ ची बटणे एकत्र दाबली की ७८ चा वेग मिळतो. मात्र वेग मिळाला म्हणजे काम झाले असे नव्हे. एलपीच्या सुईचे टोक ७८ च्या लाखेच्या तबकडीच्या रुंद खाचेत तळाशी घासते, म्हणून साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी सुई लागते. ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम९५ कार्ट्रिज घेतल्यास त्याच अंगावर ७८ ची एसपी सुई बदलून बसवता येते.

नौपाडा_जुनेजाणते: माझ्या गॅरार्ड ४०१ या जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर तिन्ही वेग आहेत. त्याखाली मी कडप्प्याची जाड फरशी बसवून घेतली आहे, त्यामुळे घर रुळांलगत असूनही लोकल गेल्याचे सुईला कळत नाही. हल्लीच्या यंत्रांत तो भरीवपणा नाही.

सानपाडा_ध्वनी: टेक्निक्सची ही यंत्रे डायरेक्ट ड्राइव्हची, म्हणजे मोटर थेट तबकडीखाली असते, तिची थरथर सुईपर्यंत पोहोचणारच. मोटर बाजूला ठेवून बेल्टने तबकडी फिरवणारेच यंत्र घ्यावे.

घोडबंदर_७८: हा आक्षेप फार जुना आहे. एमके७ च्या मोटरीत लोखंडी गाभाच नसल्यामुळे फिरताना बसणारे बारीक झटके टळतात. एमके२ सुद्धा या बाबतीत बदनाम नाही. बेल्ट सैल पडून वेग घसरण्याची कटकट दोन्हींत नाही.

ऐरोली_२३०व्होल्ट: जपानी यंत्राला स्टेपडाउन लागतो, हे कोणी सांगितले आहे का?

वाशी_दुरुस्ती: जुने पाहायला जाल तेव्हा टोनआर्म (सुईचा दांडा) हलक्या हाताने धरून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते तपासा. वेग कमी-जास्त करण्याची सरकपट्टी शून्यावर ठेवून यंत्र फिरत असताना काठावरील ठिपक्यांची एक ओळ स्ट्रोब दिव्याच्या उजेडात अगदी स्थिर दिसली पाहिजे. एमके२ च्या अँप्लिफायरकडे जाणाऱ्या आरसीए वायरी आतूनच जोडलेल्या असतात, त्या तुटल्या तर सोल्डरिंग करावे लागते. एमके७ च्या वायरी सुट्या निघतात. शिवाय दोन्हींत फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा भाग) नाही. तुमच्या अँप्लिफायरवर फोनो इनपुट नसेल, तर तोही खर्च याच साठ हजारांत धरावा लागेल.

कोपरीकर: सर्वांचे आभार. घणसोलीला जाऊन वरील सर्व तपासण्या केल्या आणि एमके२ घेतले. माझ्या अँप्लिफायरवर फोनो इनपुट आहे, त्यामुळे उरलेल्या रकमेत स्टेपडाउन, व्हीएम९५ आणि दोन्ही सुया बसल्या. ७८ च्या तबकड्या मोजक्याच असल्याने त्या एसपी सुईने ४५ वर वाजवून संगणकात उतरवीन आणि वेग तिथेच जवळजवळ पावणेदोन पट वाढवीन. रोज ऐकायच्या त्या एलपीच आहेत, एका बटणासाठी दुप्पट पैसे घालणे मला पटले नाही.

घोडबंदर_७८: ७८ ची तबकडी ४५ वर वाजवणे हा अन्याय आहे.

पाचपाखाडी_श्रोता: जीआर घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता.