शब्दचर्चा: आफ्रिकन मॅनटीला ‘समुद्रगाय’ म्हणावं का?

मूळ प्रश्न

मुलांच्या मासिकासाठी कॅमेरूनमधल्या ओसा तलावावर लेख लिहितेय. या तलावात आफ्रिकन मॅनटी हे पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी आहेत. मराठीत हा प्राणी मला आजवर ‘समुद्रगाय’ म्हणूनच भेटलाय, पण तलावातल्या जनावराला समुद्रगाय लिहिताना हात अडतोय. शिवाय नराचं काय करायचं? ‘नर समुद्रगाय’ वाचून मुलं फिदीफिदी हसतील. पिल्लाला वासरू म्हणावं का?

प्रतिसाद, रत्नागिरी

ताई, समुद्रगाय हा शब्द आधीच एकाला देऊन झालाय, समुद्रात राहणाऱ्या त्याच्या नातलगाला, डुगाँगला. मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, कच्छचं आखात आणि अंदमान-निकोबार इथे तो आढळतो. तमिळमध्येही त्याला ‘कडल पसु’ म्हणतात, म्हणजे तीच समुद्रगाय. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं, ते याच्यासाठी. बेरिंग समुद्रातली स्टेलरची समुद्रगाय वेगळीच. ती १७४१ मध्ये शास्त्रज्ञांना दिसली आणि १७६८ पर्यंत माणसाने खाऊन संपवली. आता मॅनटीही त्याच गोठ्यात बांधला, तर वाचकाने कुणाचं दावं कुणाच्या गळ्यात समजायचं?

ओळखायला शेपूट बघा. डुगाँगची शेपटी देवमाशासारखी, मध्ये खाच असलेली. मॅनटीची गोल, वल्ह्याच्या पात्यासारखी. आणि आफ्रिकन मॅनटीच्या पुढच्या वल्ह्यांवर चक्क नखं असतात, हत्तीच्या पायाला असतात तशी. हत्ती खरोखरच त्याच्या भाऊबंदांपैकी. मादीचे सडसुद्धा हत्तिणीसारखे पुढे, काखेत असतात. गायीशी नातं म्हणाल तर गवत खाण्यापुरतं.

प्रतिसाद, लागोस

नोकरीनिमित्त नायजेरियात आहे म्हणून लिहितो. इथल्या पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीवरून बनलेल्या मिश्र बोलीत, या प्राण्याला ‘मामी वॉटा’ म्हणतात. तेच नाव पाण्यातल्या देवीचंही आहे. तिचा धाक आहे, तिची पूजा होते, आणि तरीही जनावराचं मांस खाल्लं जातं, चरबीचं तेल औषध म्हणून विकलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच काठावर नांदतात. उत्तरेकडच्या हौसा भाषेत त्याला ‘आयू’ असा सुटसुटीत शब्द आहे. त्यात ना गाय, ना समुद्र.

कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण भाल्याने किंवा कसावाचं आमिष लावलेल्या सापळ्यात धरणं अजून चालतं. कोळ्यांची बाजूही ऐकून घ्यावी लागते. हा प्राणी जाळ्यातले मासे खातो आणि जाळं फाडून जातो. सिएरा लिओनमध्ये तर भातशेतीत घुसतो म्हणून त्याच्यावर राग आहे. तेव्हा लेखात ‘निव्वळ शाकाहारी’ लिहू नका. तो शिंपलेही खातो.

प्रतिसाद, नागपूर

मला ‘समुद्रगाय’ खटकतं ते वेगळ्या कारणाने. या शब्दाने प्राण्याचा पत्ताच चुकतो. आफ्रिकन मॅनटी सेनेगलपासून अंगोलापर्यंतच्या किनाऱ्यावर, खाड्यांत आणि खारफुटीत असतो हे खरं. पण तो नद्यांमधून आत किती जातो ते नकाशावर बघा. माली आणि चाड या देशांना समुद्रच नाही, तरी मालीत नायजर नदीत आणि चाडमध्ये लेरे तलावात मॅनटी आहेत. तिथल्या मुलाला ‘समुद्रगाय’ सांगितलं तर तो विचारेल, समुद्र कुठाय?

पत्ता चुकला की संकटंही चुकीची सांगितली जातात. समुद्र म्हटलं की वाचक तेलगळती, मोठी जहाजं, प्लास्टिक असा विचार करतो. या प्राण्याचं खरं दुखणं नदीचं आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की तो बुडालेल्या रानात, शेतात चरायला शिरतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खोल डोह गाठतो. ही ये-जा म्हणजेच त्याचं वर्ष. व्होल्टा नदीवर १९६५ मध्ये अकोसोंबो धरण झालं, नायजरवर १९६८ मध्ये कैंजी, आणि सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ मध्ये दियामा. खारं पाणी वर चढू नये म्हणून दियामाचा बांध घातला, पण त्याने मॅनटीची वाटही अडली. नदी अशी तुकड्यांत तुटली की वरचे वर राहतात आणि खालचे खाली. काही धरणाच्या दारांत सापडून मरतात. पाणी झपाट्याने उतरलं तर काही उपनद्यांच्या डबक्यांत अडकून पडतात. सेनेगलमध्ये मातामजवळ असे अडकलेले मॅनटी २००९ मध्ये जाळी लावून धरले आणि मुख्य नदीत सोडले.

त्यात मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, तेही वर्षभराच्या गर्भारपणानंतर. त्यामुळे घटलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारात २०१३ मध्ये हा प्राणी पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. पण बांधाला आणि जाळ्याला तो करार लागू होत नाही.

माझी सूचना ‘पाणगाय’. पाणकोंबडी, पाणमांजर, पाणघोडा या ओळीत बसते, आणि पाणी गोडं की खारं हे सांगायचं बंधन नाही.

प्रतिसाद, पुणे

पाणगाय कानाला गोड आहे, पण नराची अडचण तिथेही आहेच. ‘पाणबैल’ म्हणणार का? मग पाणम्हैस तरी म्हणा, निदान म्हैस दिवसभर पाण्यात बसते!

मॅनटीच राहू द्या, असं माझं मत. झेब्रा, जिराफ, पेंग्विन आपण जसेच्या तसे घेतले, त्याने मराठीचं काही अडलं नाही. हा शब्द मुळात इंग्रजीही नाही. कॅरिब लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘मानाती’ म्हणून आला आणि तिथून पसरला. तो मॅनटी, ती मॅनटी, दोन्ही चालतात. अनेकवचनही मॅनटीच. पिल्लाला पिल्लूच म्हणा. वासरू आलं की गाय मागच्या दाराने परत आली.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. मॅनटी ठेवते, आणि पहिल्या उल्लेखात ‘नदी-खाड्यांत राहणारा, हत्तीचा दूरचा भाऊबंद’ एवढी ओळख देते. लागोसच्या दादांचं मामी वॉटा चौकटीत घेणार आहे.

आता नवं कोडं. ओसा तलावावर साल्व्हिनिया नावाची तरंगती वनस्पती पसरली आणि एका टप्प्यावर जवळपास निम्मा तलाव झाकला गेला. खालच्या पाण्याला उजेड मिळेना, काठाचं गवत मॅनटीला मिळेना, कोळ्यांच्या होड्याही चालेनात. मग अमेरिकेतल्या लुइझियानातून आणलेला एक कीटक सोडला. तो फक्त तीच वनस्पती खातो. बहुतेक तलाव त्याने मोकळा केला. वनस्पतीला जलपर्णी म्हणू का? आणि कीटकाला?

प्रतिसाद, रत्नागिरी

जलपर्णी मुळीच नको. आपल्या नद्या-तलावांत दिसते ती जांभळ्या फुलांची वेगळी. साल्व्हिनियाला फूल येत नाही, ते नेचं आहे. ‘तरंगतं नेचं’ लिहा. केरळात त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, पण त्याचं मूळ ब्राझीलचं, त्यामुळे तो शब्द उचललात तर पुन्हा पत्ता चुकेल. तिथेही १९८० च्या दशकात हाच कीटक सोडला होता.

कीटकाला ‘सोंड्या भुंगा’. माडाच्या बागा असलेल्यांना लगेच कळेल, त्यांचा सोंड्या मोठा आणि तांबडा, हा अगदी बारीक. प्रौढ भुंगे कोवळे कोंब खातात, अळ्या खोडात शिरून पोखरतात, आणि झाड तपकिरी होऊन बुडतं. ‘मित्रकीटक’ हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्द तिथे चपखल बसेल.