लडाखसाठी लेन्स : कॅनन २००डी, हानलेची रात्र आणि पोलरायझर

सप्टेंबरच्या मध्यावर, अमावास्या साधून, लेह–नुब्रा–पँगाँग–हानले असा नऊ दिवसांचा बेत आहे. कॅनन २००डी कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० मिमीच्या एसटीएम लेन्स जवळ आहेत. वाइडसाठी, म्हणजे रुंद दृश्यांसाठी, कॅननची १०-१८ मिमी विकत घ्यावी का? हानलेला आकाशगंगा टिपायची आहे. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) ६७ मिमीचा घेऊ की ५८चा? बॅटऱ्या किती लागतील?

प्रतिसाद १

१०-१८ दिवसा छान, वजन जेमतेम २४० ग्रॅम. पण १० मिमीला तिचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) जास्तीत जास्त एफ/४.५, आणि हानलेला तिथेच अडेल. एफ/२.८ ला अडीचपट प्रकाश येतो. म्हणून ती विकत घेण्याऐवजी टोकिना ११-१६ एफ/२.८ भाड्याने न्या. दिवसाचं वाइडही तिच्यातच भागेल.

सुरुवात ११ मिमी, एफ/२.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२००, २० सेकंदांपासून करा. ताऱ्यांच्या रेघा होऊ नयेत म्हणून वापरतात त्या ५००च्या नियमाने २८ सेकंद येतात (५०० ÷ लेन्सचे ११ मिमी ÷ लहान सेन्सरचा गुणक १.६), पण २४ मेगापिक्सेलवर फोटो मोठा करून पाहिला की तारे लांबट दिसतात. फोकस मॅन्युअल. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) ठळक तारा १० पट मोठा करा, तो बारीकात बारीक ठिपका झाला की रिंगला चिकटपट्टी लावा.

आकाशगंगेचा गाभा तेव्हा अंधार पडताच नैर्ऋत्येला असतो. आठ ते दहा हीच वेळ, मग तो डोंगराआड जातो. जेवण उशिरा करा, पण ही वेळ दवडू नका. टॉर्च लाल उजेडाचाच हवा, तिथे डार्क स्काय रिझर्व्ह (कृत्रिम उजेडापासून राखलेलं आकाश) आहे.

मूळ प्रश्नकर्ता

मग पोलरायझर टोकिनाच्या मापाचा, ७७चा घेऊ? बाकीच्या लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावेन.

प्रतिसाद २

नको, ५८चाच घ्या. तुमच्या दोन्ही लेन्सना तोच बसतो. ११ मिमीला आडवा कोन ९० अंशांच्या आसपास जातो, आणि पोलरायझरचा परिणाम सूर्याशी काटकोनात सर्वांत जास्त. त्यामुळे आकाशात मधोमध गडद पट्टा उमटतो, तो नंतर नीट काढता येत नाही. शिवाय ४,००० मीटरवर आकाश मुळातच गडद असतं. फिल्टर पूर्ण फिरवला तर काळपट होईल. पँगाँगच्या पाण्यावरची चकाकी घालवायला मात्र तो हवाच.

बॅटऱ्या एकूण तीन. थंडीत त्या लवकर मान टाकतात, म्हणून जादाच्या दोन आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. विमानात हँडबॅगेतच. रात्री बाहेरून गरम खोलीत येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर दव आत धरेल. कार्ड आधीच काढून घ्या.

नुब्राच्या वाळूत लेन्स बदलायचीच झाली तर गाडीत, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. सेन्सरला फक्त हातपंपाचा ब्लोअर; तोंडाने फुंकू नका, थुंकीचे डाग पडतात.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. वाऱ्यात हुकला बॅग अडकवाल तर ती जमिनीला टेकलेली असू द्या. लोंबकळती बॅग झुलून उलट थरथर वाढवते. १८-५५ किंवा ५५-२५० ट्रायपॉडवर असेल तेव्हा आयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद.

आणि कियांग (तिथलं रानगाढव) सकाळी नऊच्या आत टिपा. ऊन चढलं की मैदानावरची हवा थरथरते, मग २५० मिमीला कुठलाही शटर स्पीड ठेवा, फोटो मऊच, म्हणजे धूसर, येतो.