परिवलन की परिभ्रमण?

मेघना, 302: उद्या लेकाचा भूगोलाचा पेपर. परिवलन आणि परिभ्रमण यांची दर वेळी अदलाबदल करतो. काही युक्ती आहे का कुणाकडे?

सुहास, 104: परिवलन स्वतःभोवती, 23 तास 56 मिनिटं. परिभ्रमण सूर्याभोवती, 365 दिवस आणि वर सहा तास.

मेघना, 302: सुहासदादा, आकडे पाठ आहेत हो. कुठलं कुठलं तेच विसरतो.

कुलकर्णी काकू: अगं, लाडू वळतो ना आपण, तेच हे 'वल्'. लाडू तळहातावरच फिरतो, ते परिवलन. भ्रमण करायचं तर घर सोडावं लागतं. सांग त्याला.

प्रशांत, 501: काकू, एक शंका. वळसा हाही 'वल्'चाच, पण तो दुसऱ्याला घालतात. आणि भोवरा 'भ्रम्'वरून आलाय, तो तर जागेवरच फिरतो!

कुलकर्णी काकू: बरोबर पकडलंस. भोवळसुद्धा 'भ्रम्'चीच, आणि ती बसल्या जागी येते. मुळात दोन्ही धातूंचा अर्थ फिरणं, वळणं. एकाला स्वतःभोवती आणि दुसऱ्याला सूर्याभोवती पाठवलं ते परिभाषेनं. आर्यभटाकडे तर दोन्ही फेऱ्यांना 'भगण' हा एकच शब्द. एका महायुगात सूर्याचे, म्हणजे वर्षं, 43,20,000 आणि पृथ्वीचे स्वतःभोवतीचे 1,58,22,37,500.

सुहास, 104: भागाकार केला. 366.2587 येतंय. वर्षाचे दिवस तर 365 ना?

कुलकर्णी काकू: दिवस 365, पण ताऱ्यांच्या हिशेबानं गिरक्या 366. सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेत एक गिरकी जिरते. म्हणून तर तुमचे 23 तास 56 मिनिटं. 24 तास लागतात ते सूर्य पुन्हा डोक्यावर यायला.

सुहास, 104: अरे वा! हे शाळेत कुणी सांगितलंच नाही.

प्रशांत, 501: आणि इंग्रजीतलं रोटेशन?

कुलकर्णी काकू: लॅटिन 'रोटा', म्हणजे चाक. आपला रथ त्याच कुळातला.

सेक्रेटरी: रोटेशनवरून आठवलं. टँकर उद्यापासून एक दिवस ए विंग, एक दिवस बी.

शिंदे आजोबा: आमच्या नगरकडे कालव्याच्या पाण्याला आवर्तन म्हणतात. 'आवर्तन सुटलं' म्हटलं की अख्खं गाव शेतात.

कुलकर्णी काकू: अथर्वशीर्षाचीही आवर्तनंच की.

सेक्रेटरी: आजोबा, मग नोटीसबोर्डावर आवर्तन लिहू का?

शिंदे आजोबा: लिहा. पण आधी टँकर किती वाजता येणार ते लिहा.