बँक भक्कम आहे हे ताळेबंदात कुठे दिसतं?

मुद्दल: बँकिंग संकट येणार अशी चर्चा पुन्हा जोरात आहे. बँका भांडवल, म्हणजे तोटा सोसणारा स्वतःचा पैसा, पुरेसं असल्याचं सांगतात, पण २०२३ मध्ये बुडालेली अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँकही बुडेपर्यंत कागदावर ठीकच होती. ठेवीदाराने नेमकं काय तपासायचं? थकीत कर्जांचा आकडा पुरतो का?

रोखेवाला: नाही पुरत. त्या बँकेला कर्जांनी नव्हे, सुरक्षित मानलेल्या रोख्यांनी बुडवलं. गणित करून बघा. दहा वर्षं मुदतीचा, दीड टक्का व्याजाचा रोखा १०० ला घेतला आणि बाजारातला दर साडेचार टक्क्यांवर गेला, तर तो विकायला गेल्यावर त्याचे जेमतेम ७६ येतात, कारण नवे रोखे जास्त व्याज देतात. १०० च्या मालमत्तेत असे रोखे ४० असले की तोटा साडेनऊ. भांडवल ८ असेल तर ते संपलं! पण 'हेल्ड टू मॅच्युरिटी' (मुदतीपर्यंत ठेवायचे) गटात टाकलेला रोखा ताळेबंदात १०० लाच दिसत राहतो. बाजारभाव मागच्या टिपांमध्ये, 'फेअर व्हॅल्यू'च्या रकान्यात सापडतो. तो फरक भांडवलातून वजा करा. बाकी सगळं नंतर.

तळटीप: गणित बरोबर, पण ठेवी जागेवर राहिल्या तर मुदतीला १०० पूर्ण मिळतात. लोक पैसे काढायला धावले आणि रोखे पडत्या भावात विकावे लागले, की तोटा कागदावरून खरा होतो. म्हणून ठेव विम्याच्या मर्यादेबाहेरच्या ठेवी किती, हेही बघा. सिलिकॉन व्हॅली बँकेत त्या ९० टक्क्यांहून जास्त होत्या. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. रोखतेचं प्रमाण, म्हणजे ठेवी काढल्या गेल्या तर हाताशी पुरेसा पैसा आहे का याचं माप, मात्र ३० दिवसांचा ताण गृहीत धरून काढतात.

मुद्दल: म्हणजे लोक घाबरतात म्हणूनच बँक पडते?

तळटीप: सगळा दोष लोकांच्या माथी नको. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेबाहेर रांगा लागल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्या २,००० पौंडांनाच पूर्ण संरक्षण होतं, पुढच्या ३३,००० ना ९० टक्के. रांगेतल्या माणसाची भीती रास्त होती. आश्वासनांनी ती गेली नाही, सरकारने ठेवींची हमी दिल्यावर ओसरली.

रोखेवाला: एक चूक फार जण करतात. विमा सहसा खात्यामागे नसतो, एका बँकेत एका ठेवीदारामागे असतो. एकाच बँकेच्या दोन शाखांत रक्कम विभागून उपयोग नाही. आणि बँकेने विकलेले बाँड म्हणजे ठेव नव्हे. २०२३ मध्येच क्रेडिट स्विस या स्विस बँकेचे सुमारे १६ अब्ज फ्रँकचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली की तोटा सोसणारे रोखे) शून्यावर आणले गेले, ठेवीदारांच्या पैशाला मात्र हात लागला नाही.