उशी-लाव्हा ओळखायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी मस्कतला असतो. येत्या शुक्रवारी लेकीला घेऊन सोहारजवळच्या वादी जिझ्झीत (वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीची दरी) चाललोय. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ तिथे जमिनीवर चढून बसलाय, त्यालाच सेमाइल ओफिओलाइट म्हणतात. पाण्यात येताच थिजलेल्या लाव्हाच्या उशा एकावर एक रचलेल्या दिसतात.

अडचण अशी, की सह्याद्रीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड लहानपणापासून पाहिलेत, पण ते झिजून झालेले. मग खरी उशी ओळखायची कशी? कडेची काचेसारखी काळपट साल आणि खालच्या दोन उशांच्या फटीत घुसलेलं टोक, एवढ्या खुणा पुरतात का? उभ्या डाइकच्या (खडकाच्या भेगेत शिरून थिजलेल्या शिलारसाच्या) भिंतीही त्याच वाटेवर लागतात का? कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा. गाडी साधीच आहे, फोर बाय फोर नाही.