बोरचं पाणी की मिनरल वॉटर? बाबांना स्टेंट बसलेत

लातूरकर_पोरगा:
बाबा ६७, दीड महिन्यापूर्वी दोन स्टेंट बसले. आमच्याकडे बोरचं पाणी, पातेल्याला पांढरा थर धरतो. शेजारचे काका म्हणाले ह्याच क्षारांनी हार्टच्या नळ्या ब्लॉक झाल्या, मिनरल वॉटर चालू करा, म्हणून आता रोज २० लिटरचा जार येतो. टीडीएस पेन (पाण्यातले क्षार मोजायचं) बुडवून बघितलं तर जार २८ आणि बोर ९१०! खरंच हार्टला फायदा होतो का ह्याचा?

चहाबाज:
अरे पातेल्यातला थर आणि नळीतला ब्लॉक ह्यांचा संबंध नाही. ब्लॉक कोलेस्टेरॉलचा, वर सिगरेट, बीपी, शुगर. उलट १९५७ मध्ये जपानच्या कोबायाशींनी नदीचं पाणी आणि स्ट्रोक ह्यांचा संबंध मांडला, तेव्हापासून बऱ्याच देशांत असं दिसलंय की जड (जास्त क्षारांचं) पाणी पिणाऱ्या भागात हृदयविकाराचे मृत्यू जरा कमीच. मॅग्नेशियममुळे असेल असा अंदाज आहे, पक्कं सिद्ध झालेलं नाही. म्हणून काकांचं ऐकून घाबरू नकोस, पण बोरला औषधही समजू नकोस :)

साधी_गृहिणी:
दादा, तुमचा जार मिनरल वॉटर नाहीच. आपण सगळेच तसं म्हणतो, पण २८ टीडीएस म्हणजे आरओचं पाणी, त्यात मिनरल कसले राहणार. सीलवर आयएस १४५४३ असेल तर ते पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर, नॅचरल मिनरल वॉटरचा नंबर १३४२८. आमच्याकडे यायचा त्या थंड जारवर तर काहीच छापलेलं नसायचं, झाकण पण नुसतं दाबून बसवलेलं.

ओपीडीतला:
टीडीएस पेन फक्त एकूण क्षार सांगतं, कोणते ते नाही. बोरचं पाणी एकदा लॅबला द्या, सोडियम, नायट्रेट, फ्लोराइड बघायला सांगा. समजा लिटरला २०० मिग्रॅ सोडियम निघालं तरी २ लिटरमागे ४०० झालं, आणि चमचाभर मिठात २००० असतं. म्हणजे आधी लोणचं, पापड, ठेचा बघा. आणि महत्त्वाचं, बाबांच्या हार्टचं पंपिंग (रक्त ढकलायची ताकद) कमी असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा, अशा पेशंटच्या अंगात पाणी साठतं, त्यांना भरपूर पाणी प्या हा सल्ला महागात पडतो.

लातूरकर_पोरगा:
पंपिंग ३५ टक्के लिहिलंय रिपोर्टवर, आणि जार आल्यापासून बाबा चांगलं पाणी म्हणून दिवसाला ४ लिटर पितायत 😐 पायावर जरा सूज पण आहे. आत्ताच फोन लावतो डॉक्टरांना.