मिठाच्या कुंपणावरचे पहारेकरी: खाल्ल्या मिठाला जागलेले?

सदाफुली
करवसुलीवाला म्हटला की आपल्याला खलनायकच दिसतो. पण इंग्रजांच्या इनलँड कस्टम्स लाइनवरच्या, म्हणजे देशातल्या देशात मिठावर कर वसूल करायच्या नाकेबंदीच्या रेषेवरच्या, शिपायांचं काय? १८६९ च्या सुमारास सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैल रेषा, पहाऱ्याला जवळपास १२,००० माणसं. बऱ्याच पट्ट्यात बाभूळ, करवंद, निवडुंगाचं जिवंत कुंपण. राजपुतान्यातलं स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून. कर ठरवला साहेबाने, शिव्या खाल्ल्या गस्तवाल्याने. माझ्या मते ते खाल्ल्या मिठाला जागले.

खडेमीठ
कोणाच्या मिठाला हो? मीठच तर अडवत होते! मीठ म्हणजे अफू नव्हे, गरिबाच्या भाकरीवरची चिमूट. तीही महाग करून ठेवायची आणि वर पहारा. शिवाय 'जागले' म्हणाल तर पगार तुटपुंजा, लाच सर्रास. हात ओले केले की वाट मोकळी.

जुना_दप्तरी
लाच होती, मान्य. पण चोरटेही काही संत नव्हते. मीठ लादलेली गुरं नि उंट कुंपणातून घुसवायचे, पोती पलीकडे भिरकवायचे, मारामाऱ्या व्हायच्या. अंधारात समोर उभा राहणारा शिपाई इथलाच, गरिबाघरचा. त्याला सरसकट लुटारू म्हणणं मला जड जातं.
(अवांतर: १८६७ ते १८७० या लाइनचे कमिशनर ॲलन ह्यूम. कुंपण वाढवायला जिवापाड झटले. १८८५ च्या काँग्रेसवाले तेच!)

खडेमीठ
ह्यूमसाहेबांचं पुढचं पुण्य त्या बारा हजारांच्या खात्यावर कशाला? अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचं म्हणणं असं की कायद्याने उगाच गुन्हेगार ठरवलं नसतं, तर चोरटा व्यापारी एरवी उत्तम नागरिक असता.

जुना_दप्तरी
आणि तोच स्मिथ १७७८ मध्ये स्कॉटलंडच्या कस्टम्सचा कमिशनर झाला, मरेपर्यंत राहिला :)

खडेमीठ
नोकरी केली म्हणून म्हणणं खोटं ठरत नाही. इंग्लंडातच बघा. १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आणला आणि चोरट्या चहाचा धंदा बसला. जे तिथल्या गस्तीच्या घोडेस्वार शिपायांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते एका कायद्याने झालं. आपल्याकडेही राजपुतान्यातलं मिठाचं सांभर सरोवर सरकारने भाडेपट्ट्याने घेतलं, म्हणजे कर मीठ निघतं तिथेच घेता आला, प्रांतांच्या करातली तफावत कमी केली, आणि १८७९ मध्ये लाइनच मोडली.

सदाफुली
अहो, मग दोष दराचा झाला ना, गस्तवाल्याचा कुठे?

खडेमीठ
दराचाच. पण तो दर वसूल झाला कुणाच्या काठीच्या जोरावर, तेवढं सांगा.